काकडी निर्दोष होती

मे 2011 मध्ये उत्तर जर्मनीतल्या रुग्णालयांत रक्ताचे जुलाब होणारे रुग्ण येऊ लागले. पुष्कळांची मूत्रपिंडे काही दिवसांतच निकामी झाली. एरवी ही आपत्ती लहान मुलांवर येते; इथे बहुतेक रुग्ण धडधाकट प्रौढ होते. स्पेनहून आलेल्या काकड्यांवर विषारी ई. कोलाय सापडल्याचे हॅम्बुर्गच्या आरोग्य विभागाने 26 मे रोजी जाहीर केले. काकडीला गिऱ्हाईक उरले नाही. काही दिवसांतच सविस्तर तपासणीत कळले, की काकडीवरचा जंतू वेगळा आणि रुग्णांना लागलेला वेगळा. ती घाई मला आजही खटकते.

कारण ई. कोलाय तुमच्याआमच्या आतड्यात असतोच. विचारायचे ते इतकेच, की सापडलेल्या वाणाकडे जनुके कोणती आहेत. पीसीआर चाचणी नेमके हेच विचारते. अन्न असो वा पशुखाद्य, 25 ग्रॅमच्या नमुन्यात घातक जंतू एखाददुसराच असू शकतो. म्हणून नमुना आधी पोषक द्रावणात, 37 अंशांच्या उबेत, रात्रभर वाढू देतात. ही रात्र कुठलेही यंत्र वाचवू शकत नाही. मग डीएनए काढून त्यात छोटे डीएनए-तुकडे सोडतात. शिगा विष बनवणारे जनुक असेल तरच ते त्याच्या दोन टोकांना चिकटतात आणि त्या जनुकाच्या प्रती निघू लागतात. तापवणे-निववणे यांच्या प्रत्येक फेरीला प्रती दुप्पट होतात. तीस फेऱ्यांत एकीच्या सुमारे शंभर कोटी. सोबतचा रंग उजळला, की जनुक आहे.

पण यंत्राला जे विचारावे तेवढेच ते सांगते. अशा घातक ई. कोलायमध्ये विषाच्या जनुकाबरोबर आतड्याला घट्ट चिकटवणारे 'ईएई' हे जनुकही बहुधा असते, आणि चाचण्या दोन्ही शोधतात. जर्मनीतल्या ओ104:एच4 या वाणात ते नव्हतेच. जूनच्या सुरुवातीला त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा उलगडा झाला: आतड्याला निराळ्या रीतीने चिकटणाऱ्या एका वाणात विषाणूमार्फत विषाचे जनुक शिरले होते.

उगम मात्र सापडला वही-पेन्सिलीने. जेवणाऱ्यांना सगळे आठवत नव्हते, म्हणून तपास पथकाने उपाहारगृहातल्या आचाऱ्यांना विचारले, कोणत्या पदार्थात काय घालता? बोट मोडांकडे वळले. त्याच जूनमध्ये फ्रान्समध्ये बोर्दोजवळ हाच वाण आढळला, आणि दोन्हीकडचा माग इजिप्तहून आलेल्या मेथीच्या एकाच खेपेपाशी पोहोचला. आपल्याकडे मोडाची मेथी उसळीत शिजते आणि शिजताना हा जंतू मरतो. तिथे मोड कच्चेच सॅलडवर पडत होते. बियांच्या नमुन्यांत तो जंतू शेवटपर्यंत हाती लागला नाही. तोवर पन्नासहून अधिक माणसे गेली होती.

2013 पासून युरोपीय संघात मोडांच्या 25 ग्रॅमच्या नमुन्यात ओ104:एच4 सह सहा वाण आढळता कामा नयेत, असा नियम आहे.