आधी बेस कापा

मेटल वाजवायला लागलेल्या पोराच्या हाती ॲम्प आला की पहिल्या दिवशी त्याची बटणं कुठे जातील हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. गेन दहावर, बेस दहावर, ट्रेबल दहावर आणि मिड शून्यावर. बेडरूममध्ये एकट्याने वाजवताना हा आवाज भलताच दांडगा वाटतो. मग रविवारी जॅमरूममध्ये ड्रम आणि बेस गिटार सुरू होतात आणि गिटार गायब होते. तळहात तारांवर टेकवून मारलेले झटपट स्ट्रोक सुटे पडत नाहीत, एकमेकांत कालवून जातात. उरते ती नुसती घरघर. मग पोरगं व्हॉल्यूम वाढवतं, घरघर मोठी होते आणि ड्रमर वैतागतो.

अंधेरी-बोरिवलीच्या जॅमरूमपासून खाडीपलीकडच्या मनोरीतल्या भाड्याच्या बंगल्यापर्यंत, जिथे कुठे ही मंडळी वाद्यं घेऊन जमतात, तिथे हाच प्रश्न पडतो: रेकॉर्डवर ऐकू येणारा तो घट्ट, स्वच्छ, एकेक ठोका वेगळा कळणारा आवाज येतो कुठून? उत्तर थोडं उलटं आहे. मेटलचं वजन बेस वाढवून येत नाही. आवाज फाटण्याआधी बेस काढावा लागतो आणि फाटून झाल्यावर हवा तेवढाच परत घालावा लागतो. गिटार ॲम्पचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास बऱ्याच अंशी हे शहाणपण हळूहळू शिकण्याचा इतिहास आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. गिटारच्या पिकअपमधून निघणारा सिग्नल व्होल्टच्या काही दशांशांइतका असतो. ॲम्पमधली पहिली निर्वात नळी, बहुतेक वेळा १२एएक्स७ (युरोपीय नाव ईसीसी८३), तो अनेक पटींनी वाढवते. हाय-गेन ॲम्पमध्ये अशा तीन-चार पायऱ्या एकापुढे एक असतात. पुढच्या पायरीला तेवढा मोठा सिग्नल झेपत नाही, म्हणून लहरींची टोकं छाटली जातात. हेच डिस्टॉर्शन. छाटलेल्या लहरीतून मूळ सुराचे वरचे हार्मोनिक निघतात. दोन सूर एकत्र आत गेले असतील, तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही बाहेर पडतात.

या वजाबाकीत मेटलचं अर्धं व्याकरण आहे. गिटारची सर्वांत जाड तार, खालचा ई, ८२ हर्ट्झला वाजते. त्यावरचा पाचवा सूर, बी, साधारण १२३ हर्ट्झचा. फरक ४१ हर्ट्झ, म्हणजे नेमका एक सप्तक खालचा ई, बेस गिटारच्या जाड तारेचा सूर. कुणी न वाजवलेला हा सूर डिस्टॉर्शन स्वतः तयार करतं. म्हणून दोन सुरांचा पॉवर कॉर्ड एवढा भव्य वाटतो. त्यात तिसरा सूर घालून पूर्ण मेजर किंवा मायनर कॉर्ड वाजवा. वजाबाक्या सुराबाहेर पडतात आणि आवाजात खडी सांडते. मेटलचे बहुतेक रिफ पॉवर कॉर्डवर उभे असतात, त्याचं हे एक मोठं कारण.

आता बेसचं दुखणं. तारेतली सर्वाधिक ताकद खालच्या कंपनांत असते. सकाळी नऊच्या चर्चगेट लोकलच्या दारात एखादा धिप्पाड गडी ठाण मांडून उभा राहिला की मागच्या कुणालाच आत शिरता येत नाही. नळीच्या दारात बेस तसा उभा राहतो. सगळी जागा तो खातो, आणि पिक तारेवर आपटल्याचा जो बारीक, टोकदार आवाज आपल्याला ठोका म्हणून ऐकू येतो, तो मागेच राहतो. हा टोकदार भाग मधल्या आणि वरच्या पट्टीत असतो. त्याला नळीपर्यंत मोकळी वाट हवी असेल, तर बेसला आधीच बाजूला करावं लागतं.

हे पहिल्यांदा घडलं ते जवळपास नकळत. १९६५ साली बर्मिंगहॅमच्या कारखान्यात पत्रा कापणाऱ्या यंत्रात गिटारिस्ट टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचाच हात जायबंदी झाला. त्याने बोटांना टोप्या बसवल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारा खालच्या सुरात उतरवल्या. त्याच्या लेनी ॲम्पच्या पुढे एक छोटा डबा असायचा: डॅलस रेंजमास्टर, ट्रेबल बूस्टर. त्या काळच्या मंद आवाजाच्या ॲम्पना उजाळा द्यायला तो बनवला होता. पण त्यामुळे नळ्यांपर्यंत बेस कमी आणि वरचे सूर जोरात पोचायचे. १९७० च्या फेब्रुवारीत त्याच्या ब्लॅक सॅबथ बँडचा पहिला अल्बम आला. त्याच्या जडपणाच्या मुळाशी बेस कमी करणारा डबा होता.

मार्शल ॲम्पची गोष्टही अशीच. १९६२ मध्ये लंडनमधल्या जिम मार्शलच्या दुकानात तयार झालेला पहिला ॲम्प, जेटीएम४५, फेंडर बेसमनच्या आराखड्यावर बेतला होता, आणि बेसमन मुळात बेस गिटारसाठीच होता. पुढे लीड गिटारसाठीच्या मार्शलमध्ये ब्राइट चॅनलच्या पहिल्या नळीखालचा मोठा कॅपॅसिटर जाऊन ०.६८ मायक्रोफॅरडचा छोटा आला. छोटा कॅपॅसिटर म्हणजे खालच्या सुरांना कमी उठाव. लॅमिंग्टन रोडवर किरकोळीत मिळणारी ही वस्तू. रॉकच्या आवाजाचा मोठा भाग अशा किरकोळ बदलांतून घडला.

ज्याने हे तत्त्व पुरतं पाळलं तो ॲम्प म्हणजे मेसा बूगीचा मार्क टू-सी प्लस. मेटालिका बँडच्या १९८६ च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ अल्बमवर तो आहे. या ॲम्पमध्ये बेस-मिड-ट्रेबलची बटणं डिस्टॉर्शनच्या आधी येतात, त्यामुळे बेसचं बटण जवळपास शून्याशी ठेवावं लागतं. डिस्टॉर्शन होऊन गेल्यावर पाच पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर येतो, आणि तिथे खालची पट्टी वर सरकवून वजन परत आणायचं. आधी काप, मग भर: दोन्ही कामं एकाच पेटीत.

ज्यांच्याकडे मेसा नव्हता त्यांना जपानच्या एका हिरव्या पेडलने तारलं. आयबानेझ ट्यूब स्क्रीमर १९७० च्या दशकाच्या शेवटी आला. त्याच्या सर्किटमधला एक रेझिस्टर आणि एक कॅपॅसिटर मिळून साधारण ७२० हर्ट्झच्या खाली उठाव कमी करत नेतात आणि मधली पट्टी पुढे आणतात. मेटलवाल्यांनी त्याचं ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल पूर्ण वर केलं. डिस्टॉर्शनसाठी बनलेल्या पेडलचं डिस्टॉर्शन वापरायचंच नाही, फक्त त्याची चाळणी वापरायची. १९९२ मध्ये गिटारिस्ट एडी व्हॅन हेलनसाठी पीव्ही कंपनीने काढलेला ५१५० ॲम्प, पुढे ज्याचं नाव ६५०५ झालं, आणि त्याच्या पुढे हा हिरवा डबा. ही जोडी जगभरच्या मेटल स्टुडिओंत नेहमीची झाली.

उरलेलं घट्टपण पॉवर आणि कॅबिनेटमधून येतं. १०० वॉटचा ॲम्प ५० वॉटच्या ॲम्पपेक्षा फक्त ३ डेसिबलने मोठा असतो. त्याचा खरा फायदा असा की जाड तारेचा धक्का बसला तरी तो दबत नाही. बंद पाठीच्या कॅबिनेटमध्ये बारा इंची चार स्पीकर असले की खालचा आवाज आवळून येतो. उघड्या पाठीच्या पेटीत तो सैल होतो. आणि गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने मंदावतो, म्हणून डिस्टॉर्शनमधली कर्कश किरकिर तिथेच गाळली जाते.

मुंबईत मात्र १०० वॉटचा ॲम्प लावायचा कुठे? एकेकाळी उत्तर होतं रंगभवन. धोबी तलावाजवळच्या त्या खुल्या नाट्यगृहात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक महोत्सव भरायचा, आणि शहरातल्या रॉकवाल्यांच्या दोन-तीन पिढ्या तिथे तयार झाल्या. मग २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आले: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. रुग्णालयांच्या शेजारी असलेलं रंगभवन थंडावलं. गाणी उपनगरांतल्या मैदानांत, कॉलेजच्या महोत्सवांत आणि तासाच्या भाड्याच्या बंद खोल्यांत गेली. तिथे जो ॲम्प ठेवला असेल त्याच्यावर वाजवायचं. म्हणून इथल्या गिटारिस्टने आपला आवाज ॲम्पमध्ये न ठेवता पाठीवरच्या बॅगेत ठेवायला सुरुवात केली: एक ओव्हरड्राइव्ह, एक नॉइज गेट, एक ट्यूनर.

घरी तर संगणकच ॲम्प झाला. १९९८ मध्ये ॲम्पची नक्कल करणारा लाइन ६ कंपनीचा पॉड आला, आणि पुढे प्लग-इन आले. आता न्यूरल ॲम्प मॉडेलरसारखी मोफत प्रणाली खऱ्या ॲम्पचा स्वभाव शिकून हेडफोनमध्ये देते. मुंबईच्या मेटलला ही सोय मानवली. साहिल मखिजाने २००० मध्ये सुरू केलेल्या डेमॉनिक रिझरेक्शनला २०१० मध्ये ‘मेटल हॅमर’ मासिकाचा ग्लोबल मेटल पुरस्कार मिळाला, २०१४ मध्ये हा बँड जर्मनीच्या वाकन महोत्सवात वाजला आणि २०१७ मध्ये विष्णूच्या अवतारांवर ‘दशावतार’ नावाचा अल्बम घेऊन आला. दाट ड्रम, कीबोर्ड आणि गिटार एकाच वेळी वाजणाऱ्या अशा संगीतात गिटार घट्ट नसेल तर काहीच कळत नाही.

पण हेडफोनचाही एक चकवा आहे. हळू आवाजात माणसाच्या कानाला बेस कमी ऐकू येतो; फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं. रात्री अकराला शेजाऱ्यांना सांभाळत लावलेला बेस, दुसऱ्या दिवशी स्टेजवर सगळं बुडवतो. सेटिंग नेहमी वाजवायच्या आवाजातच ठरवावी.

याच कारणाने काही जण मार्वे जेट्टीवरून तरीत बसून मनोरी गाठतात. कोळी आणि ईस्ट इंडियन वस्तीचं हे गाव ब्रास बँडच्या लग्नांना सरावलेलं आहे, पण रात्री दहानंतर आवाज बंद करण्याचा नियम खाडीपलीकडेही तोच. शिवाय खारी हवा आपला हप्ता घेते. तारा लवकर गंजतात, आणि गंजलेल्या तारेतून ठोक्याचं टोक निघतच नाही. वाजवून झाल्यावर तारा पुसणं आणि वेळेवर बदलणं हा सर्वांत स्वस्त टोन. जॅकमध्ये गंज धरला की खरखर सुरू होते. अर्थिंग धड नसेल तर ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण येते, म्हणजे आपली वीज ‘जी’ सुरापेक्षा किंचित वर गाते, आणि हाय-गेन ॲम्प ती प्रामाणिकपणे मोठी करून ऐकवतो. गुणगुण थांबावी म्हणून प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका. नळ्यांच्या ॲम्पमध्ये चारशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही तो कॅपॅसिटरमध्ये काही काळ राहतो. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० व्होल्टला लावू नका.

सुरुवात कुठून करावी हे विचारणाऱ्यांसाठी: गेन चारच्या आसपास, बेस तीन, मिड सहा, ट्रेबल साडेपाच. पुढे ओव्हरड्राइव्ह, ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण. नॉइज गेट एवढाच की थांबल्यावर शांतता व्हावी, सूर कापला जाऊ नये. पिक एक मिलिमीटर किंवा जाड. जाड तार ई वरून डी सुरावर (ड्रॉप डी) उतरवलीत तर जाड तारांचा संच लावा, नाहीतर ती लोंबेल आणि कुठलाच ॲम्प ती सावरणार नाही. रेकॉर्ड करताना तोच रिफ दोनदा वेगवेगळा वाजवून डावी-उजवीकडे ठेवा आणि गेन आणखी उतरवा. जाडी दोन हातांतून येते. खालचे ८० हर्ट्झ बेस गिटारला देऊन टाका, ते तिचेच आहेत. एवढं करूनही स्ट्रोक सुटे ऐकू आले नाहीत, तर नवा ॲम्प घेऊ नका. मेट्रोनोम लावा आणि उजव्या हाताकडे बघा.