चांदीची नात
भालकी तालुक्यातल्या या घरी जमिनीचे जुने कागद उर्दूत आहेत, आजची पहाणी कन्नडात, आणि गुरांचा इतिहास मराठीत, तोंडी. मला रस होता तो या तिसऱ्यात. दावणीपाशी उभे राहिले की घरचे आबा गायीचं नाव सांगण्याआधी तिची आजी सांगतात. ‘ही चांदीची नात. चांदी दुधाला बरी, पण लाथाडी.’ कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे आहेत. ते डॉक्टरांच्या उपयोगाचे. घरात कुणाला पाठ नाहीत.

गुरं देवणी. या जातीत तीन रंग मानतात: पांढरं अंग आणि तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा, अंगभर काळे पट्टे-ठिपके तो शेवरा, आणि वरून पांढरा, पोटाखाली ठिपके तो बालंक्या. या घराचा ओढा वानेऱ्याकडे. कारण विचारलं तर ‘शोभतो’ एवढंच उत्तर. काळ्या रानात नांगर ओढायचा बैल आणि घरापुरतं दूध, दोन्ही एकाच गायीकडून हवं, म्हणून ही जात टिकली.

खरं काम वळू निवडण्याचं. गोऱ्हा वर्षाचा झाला की आबा त्याची चाल बघतात, पाठ बघतात, लोंबते कान बघतात आणि मग त्याच्या आईची कास. शेवटची गोष्ट नवखा विसरतो. घरचाच वळू फार दिवस ठेवायचा नाही, हा जुना दंडक. ‘लेकी माजावर आल्या की बापच लागतो त्यांना. मग वासरं खुरटतात.’ म्हणून वळू बाहेरून यायचा, बहुतेक वेळा उदगीरकडून, हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून.

त्या वाटेवर 1956 साली रेघ ओढली गेली. तोवर उदगीर, निलंगा, अहमदपूर आणि भालकी एकाच बीदर जिल्ह्यात होते. 1 नोव्हेंबरला पहिले तीन मुंबई राज्यात गेले, भालकी म्हैसूरकडे गेली. देवणी हे गावही पलीकडे गेलं. गुरांच्या बाजाराला मात्र कुणी सरहद्द शिकवली नाही.

माळाचं गणित वेगळं. मुरमाड जमीन, कुसळी आणि मारवेल. पहिल्या पावसानंतर गुरं आत सोडायची घाई करायची नाही. गवताला मूळ धरू द्यायचं. कुसळी कोवळी असेपर्यंतच चारायची, कुसळं धरली की ती तोंडात रुततात. अर्धा माळ राखायचा, दसऱ्याच्या पुढेमागे कापून बनीम रचायची. उन्हाळ्यात आधार ज्वारीच्या कडब्याचा.

आता ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. त्याचं भुसकट गुरं खातात, पण कडब्याची सर त्याला नाही, आणि चारा विकत घेऊन देवणी पाळणं परवडत नाही. दर पिढीत वाटण्या होऊन माळ आखडला. जे तुकडे नांगराखाली आले तिथे तूर आहे. मला विचाराल तर गुरं कमी होण्याचा दोष ट्रॅक्टरइतकाच या हरवलेल्या कडब्याचाही आहे. लोक नुसता ट्रॅक्टरला देतात.

भालकी तालुक्यातच कट्टीतुगावला पशुविद्यापीठाचं देवणी केंद्र आहे. आबांचा धाकटा तिथे चौकशीला जाऊन आला. बाहेरून वळू आणण्यापेक्षा कृत्रिम रेतन स्वस्त, हे त्याचं म्हणणं आबांना मान्य आहे. फक्त ज्या वळूचं रेत, त्याची आई कोण आणि कास कशी, हे आधी विचारून ये, असं सांगून त्यांनी त्याला परत पाठवलंय.