प्रकल्प शिवारातला

वाळवा तालुक्यातल्या आष्ट्यात अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि भोवती उसाचं शिवार. विद्यार्थ्यांच्या गटाला प्रकल्पाचा विषय लांब शोधायला नको. जादा पाण्यानं जमीन क्षारपड होते, हे कृष्णाकाठचं जुनं दुखणं. ‘व्ही’ आकाराचा वीतभर खड्डा घ्यायचा, त्याच्या बाजूंची माती खरवडायची, क्षारता मोजायची, निचऱ्याचा उतार काढायचा आणि आकडे शेतकऱ्याच्या हाती द्यायचे.

या कामाला राष्ट्रीय सेवा योजनेचे तासही देता येतील. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकानं वर्षाला १२० तास द्यायचे असतात. शिवाय सात दिवसांचं शिबिर. सात दिवसांत जमीन मात्र कळत नाही. पुढच्या वर्षीच्या गटानं त्याच बांधावर पुन्हा मोजमाप केलं, तरच फरक दिसतो.

शेतकरी मंडळींनो, पोरं माती मागायला आली, तर खताचा आणि पाण्याच्या पाळ्यांचा खरा हिशेब त्यांना द्या.