बोरघाटाचा उचलता पूल

पुण्याहून मुंबईकडे निघालेली गाडी लोणावळें सोडून घाट उतरूं लागली म्हणजे वाटेंत अशा जागीं उभी राहते कीं, जेथें चढणारा नाहीं आणि उतरणाराही नाहीं. डब्यांतील मंडळी घड्याळें पाहतात व रेल्वेच्या नांवानें बोटें मोडतात. वस्तुतः त्या क्षणीं गाडीपुढची वाट तुटलेली असते, आणि ती मुद्दाम तोडून ठेविलेली असते.

ही कल्पना रेल्वेहून पुष्कळ जुनी आहे. भुईकोट किल्ल्याच्या खंदकावर उचलता पूल असे. साखळ्या आणि रहाट यांच्या योगानें तो उभा करीत. मागील बाजूस भार जोडला कीं चार माणसांनाही तो सहज हलवितां येई. येणाराची ओळख पटेपर्यंत पूल वरच राहावयाचा. म्हणजे वाट बंद असणें हा नियम, ती जोडणें हा अपवाद. मावळांतील लोहगड-विसापुरांना कड्यांचाच खंदक लाभलेला, त्यांना असल्या पुलाचें काय होय! परंतु त्याच मावळाच्या पश्चिम कडेला हा नियम लोखंडी रुळांवर उतरला.

खंडाळा ते पुणें ही रेल्वे १८५८ सालीं सुरू झाली, तरी मधला घाट अडूनच बसला होता. पुढील पांच वर्षें उतारू खोपोलीहून खंडाळ्यास पालखींतून, घोड्यावरून किंवा पायीं चढत. जेम्स बर्कले या इंजिनिअरानें आंखलेल्या घाटमार्गाचें काम १८५६ सालीं सुरू झालें होतें. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनीं तें कंत्राट तडीस नेलें. पटकीनें आणि अपघातांनीं मजूर किती मेले, हें मात्र उद्घाटनाच्या दिवशीं, २१ एप्रिल १८६३ रोजीं, कोणाला फारसें आठवलें नसावें.

सुमारें १६ मैलांत १,८३१ फूट उंची गांठावयाची होती. जेथें उतार अति तीव्र तेथें ३७ फुटांमागें १ फूट. डोळ्यांना हा उतार किरकोळ वाटतो. पण ब्रेक निकामी झालेली गाडी त्यावरून सुटली, तर घर्षण जमेस न धरितां, मैलाच्या शेवटीं तिचा वेग ताशीं ६५ मैल होईल. प्रारंभींच्या गाड्यांना हातानें आवळावयाचे ब्रेक असत. खंडाळ्याखालीं ‘रिव्हर्सिंग’ स्टेशन होतें. तेथें रूळ डोंगराच्या टोकाशीं संपत. इंजिन काढून दुसऱ्या बाजूस जोडीत व गाडी उलट दिशेनें पुढचा उतार उतरे. २६ जानेवारी १८६९ रोजीं एक गाडी तेथें थांबलीच नाहीं. ती रुळांचें टोक ओलांडून गेली आणि माणसें मेलीं. १९२९ सालीं नवा मार्ग झाल्यावर तें स्टेशन बंद पडलें.

घाटांतील ‘कॅच सायडिंग’ हें या संकटावरचें उत्तर होय. मुख्य मार्गाला एक फांटा फुटतो व तो उतरण्याऐवजीं डोंगराकडे चढतो. सांधा एरव्हीं या फांट्याकडेच लागलेला असतो. उतरणारी गाडी सिग्नलापाशीं पूर्ण उभी राहिली, म्हणजेच ब्रेक तिच्या ताब्यांत आहेत असें तिनें सिद्ध केलें, कीं मगच सांधा मुख्य मार्गाकडे फिरतो व सिग्नल पडतो. जी थांबूं शकली नाहीं, ती आपोआप चढणीवर जाते.

ताशीं ३० मैलांच्या वेगाची गाडी ३० फूट उंची चढली कीं तिचा जोर संपतो. वेग दुप्पट, ६० मैल असेल, तर मात्र १२० फूट लागतात. वेगाच्या वर्गाप्रमाणें उंची वाढते, हा शाळेंतला नियम येथें प्राणांशीं येऊन भिडतो. म्हणूनच एका सायडिंगानें भागत नाहीं; गाडीस फार वेग येण्यापूर्वींच दुसरें गांठावें लागतें.

आजच्या गाड्यांचे हवेचे ब्रेकही याच न्यायानें चालतात. नळींतील हवेचा दाब आहे तोंवर चाकें मोकळीं. नळी फुटली, डबे तुटले, कीं दाब जातो आणि ब्रेक आपण होऊन लागतात. इतकें असूनही घाटांतला तो थांबा काढलेला नाहीं. गाडी उभी असतां खिडकींतून डोंगराकडे पाहिल्यास, गवतांतून वर चढत जाऊन एकाएकीं संपणारे दोन रूळ कधीं कधीं दृष्टीस पडतात.