बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

सरकारी कचेरीत काम करणाऱ्या माणसाच्या नजरेखालून जितके अर्ज जातात, त्यांतल्या कित्येकांत ‘धर्म’ नावाचा एक रकाना असतो. माणूस त्या रकान्यात एक शब्द लिहितो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो. मीही तो शब्द आजवर अनेकदा लिहिला आहे, आणि खरे सांगायचे तर लेखणी तेथे क्षणभरही अडखळलेली नाही. मात्र पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचीत असताना हा रकाना मला प्रथमच अडचणीचा वाटू लागला. कारण ज्या बाईंच्या धर्मांतराची तारीख आपल्याला ठाऊक आहे, त्या बाईंनीच पुढे सांगून ठेवले आहे की, त्या दिवशी आपल्याला धर्म मिळाला. श्रद्धा मिळाली नाही.

ती तारीख २९ सप्टेंबर १८८३. स्थळ इंग्लंडमधील वाँटेज हे गाव. तेथील एका ॲंग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाला असताना रमाबाईंनी आपली कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. वय अवघे पंचवीस. परंतु या पंचवीस वर्षांत कित्येकांना जन्मभरात घडत नाही एवढे घडून गेले होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने पहाटेच्या वेळी लेकीला. हे कुटुंब तीर्थातीर्थांतून पुराणे सांगत हिंडे. पुढे मद्रास इलाख्यातील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. उरलेली दोघे भावंडे हजारो मैल पायी चालत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन रमाबाईंचा गौरव केला. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांचा विवाह झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले.

ख्रिस्ती धर्माशी त्यांची पहिली गाठ मोठी गमतीची आहे. कलकत्त्यास एका ख्रिस्ती मेळाव्याचे निमंत्रण या बहीणभावांना आले. मंडळी प्रार्थनेसाठी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून बसली, तेव्हा ही माणसे खुर्च्यांचीच पूजा करतात, असा या दोघांचा समज झाला! तेथे त्यांना संस्कृत बायबलची प्रत भेट मिळाली. पण त्या संस्कृताची धाटणीच इतकी निराळी की, अठरा हजार श्लोकांचे भागवत मुखोद्गत असणाऱ्या या मुलीला त्यात रस वाटेना. पुढे सिल्चरला पतीच्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका सापडली. ती मात्र त्यांनी आवडीने वाचली.

तरीही बुद्धीला पटणे वेगळे आणि मनाने पुढे पाऊल टाकणे वेगळे. ते पाऊल इंग्लंडमध्ये पडले, आणि ते एखाद्या प्रवचनाने नव्हे. लंडनजवळ फुलहॅम येथे भगिनीसंघाचे एक गृह होते. समाजाने ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांना तेथे आधार दिला जाई. अशा स्त्रियांना शिक्षा सांगणारी शास्त्रे रमाबाईंना पाठ होती. त्यांची शुश्रूषा करणारे कोणी त्यांनी पाहिले नव्हते. यांना हे सुचते कशाने, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची आणि ख्रिस्ताची कथा त्यांना वाचून दाखविली. धर्मांतराचे कारण म्हणून रमाबाई या प्रसंगाला फार महत्त्व देतात, आणि मला ते यथार्थ वाटते. सिद्धान्तांचा ऊहापोह त्यांनी पुष्कळ केला. परंतु तराजूचे पारडे कलले ते एका कृतीमुळे.

आता कोणी म्हणेल, येथे कथा संपली. वस्तुतः खरी कथा येथून पुढे आहे. चेल्टनहॅमच्या विद्यालयात असताना रमाबाईंचा सिस्टर जेराल्डिन आणि प्राचार्या डॉरोथिया बील यांच्याशी जो पत्रव्यवहार झाला, तो वाचताना ही बाई धर्मात नुकतीच आली आहे याचा विसर पडतो. त्रिमूर्तीचे तत्त्व, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, चमत्कार, सगळ्यांवर त्या प्रश्न करतात. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटल्यावर दुसऱ्याच्या जोखडात मान देणार नाही, असा त्यांचा बाणा. क्रूसावरील अक्षरे लॅटिनच का असावीत, आपल्या देशातील माणसाला त्यांचा काय बोध होणार, असेही त्या विचारतात. मांसाहार त्यांनी केला नाही, आणि त्यात भगिनींना जुन्या जातीचा अभिमान दिसला! एका घरातून बाहेर पडलेली आणि दुसऱ्या घरात पुरती न रुळलेली अशी ही स्थिती. तिचा एकाकीपणा किती असेल, याची कल्पना आपण स्वस्थ बसून करू शकत नाही.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, १८८९ मध्ये परतल्या, आणि त्याच वर्षी ११ मार्चला त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. काम वाढत होते, कीर्ती होती. आणि नेमक्या याच काळात त्यांना आतून रितेपण जाणवू लागले. १८९१ च्या सुमारास हॅसलम नामक एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हे गृहस्थ कित्येक वर्षे चर्चमध्ये उपदेश करीत होते, आणि १८५१ मध्ये एके दिवशी आपल्याच व्यासपीठावर आपलेच प्रवचन देता देता त्यांना उमगले की, आपण सांगतो ते आजवर आपल्यालाच पोहोचलेले नव्हते. रमाबाईंना जणू आरसाच दिसला. ख्रिस्ताचा धर्म आपण स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला भेटला नाही, हे त्यांनी स्वतःशी कबूल केले. आपल्या विद्वत्तेवर आणि सत्कृत्यांवर भिस्त न ठेवता, आहोत तशा अवस्थेत त्याच्या हवाली होणे, हाच त्यांच्या दृष्टीने श्रद्धेचा अर्थ ठरला. १९०७ च्या आत्मनिवेदनात ही आठ वर्षांची दरी त्यांनी झाकून ठेवलेली नाही. ज्या विदुषीला पंडितसभेने डोक्यावर घेतले, तिने असे लिहावे, याला मी धैर्य म्हणतो.

या श्रद्धेची किंमतही द्यावी लागली. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि मुली येऊन बसत. सदन धर्मनिरपेक्ष राहील या भरवशावर पाठीशी उभे राहिलेले रानडे, भांडारकर प्रभृती सुधारक १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात सगळा दोष सनातन्यांच्या माथी मारण्याची सोय मला दिसत नाही. सुधारकांना दिलेला शब्द हाही शब्दच होता. उलट, स्वतःच्या घरात मी दार लावून प्रार्थना का करावी, हा रमाबाईंचा प्रश्नही निरुत्तर करणारा आहे. दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक होती, म्हणूनच तो प्रसंग आजही बोचतो.

पुढे केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत शेकडो मुली आणि स्त्रिया तेथे आल्या. उपासमार काय असते, हे रमाबाईंना कोणी सांगायला नको होते. उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. संस्कृताने ज्यांना नाव मिळवून दिले, त्याच रमाबाईंनी येथे संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले. खेड्यातल्या बाईला वाचता यावे एवढाच निकष ठेवला. मनोरमा १९२१ मध्ये गेली. स्वतः रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. ते केडगावच्याच छापखान्यात छापले गेले, आणि खिळे जुळविणारे हात आश्रमात वाढलेल्या स्त्रियांचे होते.