अन्ननलिकेची ‘भरलेली’ जखम

अमरावती-अकोल्याकडे, किंबहुना साऱ्या मराठी मुलखात, जखम ‘भरली’ म्हणजे बरी झाली. संडास धुण्याचे ॲसिड गिळलेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र हे क्रियापद फसवे ठरते. भाजलेल्या अन्ननलिकेत साधारणतः तिसऱ्या आठवड्यापासून व्रणतंतू आकसू लागतात. जखम भरते, आणि भरता भरताच वाट बुजते. मध्यंतरी रुग्ण गिळू लागलेला असतो. म्हणून घरची मंडळी निर्धास्त होतात, तपासणी टळते. अरुंद झालेली नलिका प्रथम दुर्बिणीच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने रुंदावितात. ते न साधल्यास काही महिन्यांनी जठर वा मोठ्या आतड्याचा भाग, रक्तपुरवठा अबाधित राखून, मानेपर्यंत आणून जोडतात. जठरही जळालेले असल्यास आतडेच उरते. तोवर पोटातून लहान आतड्यात बसविलेल्या नळीने अन्न दिले जाते.