थोरलीची शाळा का सुटते?

कोल्हापुरातल्या राजेंद्रनगरसारख्या वस्त्यांमध्ये आई-आजीपासून चालत आलेली गरिबी असते, म्हणजे पुढच्या पिढीला नेमकं काय मिळतं? जमीन नाही, दागिना नाही. मिळतं ते कर्ज, आणि थोरल्या लेकीच्या अंगावर पडलेलं घर.

आजारपण आलं की फायनान्सचं कर्ज काढायचं. आठवड्याचा हप्ता चुकू नये म्हणून आई अंगात ताप असला तरी धुण्याभांड्याला जाते. खाडा होतो तो थोरलीच्या शाळेचा. पाणी तिनं भरायचं, धाकट्याला तिनंच कडेवर घ्यायचं. सातवी-आठवीत दप्तर खुंटीला लागतं, मग लवकर लग्न. पुढं तिची लेकही तेच करते.

शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता! आजही सरकारी शाळेत आठवीपर्यंत फी नाही. पण या पोरींना फी अडवत नाही, धाकटं भावंड अडवतं. अंगणवाडी दुपारी मिटते, आई दिवस मावळता येते. म्हणून आम्ही आधी पाळणाघर मागतो, आईच्या कामाच्या वेळेत उघडं असणारं.

ऊसतोडीच्या घरांतही असंच असतं. गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं विचारा: कुणाची थोरली आज शाळेत गेली नाही, आणि तिच्या कडेवर कोण होतं?